वरच्या दोन खोल्या

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनचा दुसरा आठवडा, दुपारची वेळ. कुरडया-पापडांचे डबे माळ्यावर चढवून मी नुकतीच टेकले होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात एक मुलगी. पंचविशीची असेल. खांद्याला पर्स, हातात छत्री, घामाने डबडबलेली.

"काकू, वरच्या खोल्या भाड्यानं द्यायच्यात ना? मेडिकलवाल्या दादांनी सांगितलं."

द्यायच्या होत्याच. आधीचे बँकेतले बिऱ्हाड बदली होऊन गेले होते. मी विचारले, "घरात कोण कोण आहे?"

"मी एकटीच. इथल्या दवाखान्यात सिस्टर म्हणून लागलेय."

"अगं, आम्हाला फॅमिली हवी."

"माझी फॅमिली गावाकडं आहे काकू..." असे म्हणून ती जरा हसली. मी नाही हसले. "बघ दुसरीकडे कुठं मिळाली तर," म्हटले. पाणी मात्र दिले हो! तांब्याभर थंडगार पाणी दिले, आणि आपण किती माणुसकीने वागलो अशा समजुतीत दार लावून घेतले.

त्यानंतर ती मला अधूनमधून एसटी स्टँडवर दिसायची. गावाहून रोज सव्वा तास यायला, सव्वा तास जायला. मला पाहिले की मान हलवायची. राग-बिग काही नाही. दिवाळीनंतर दिसेनाशी झाली.

पुढे पावसाळ्यात सासूबाईंना डेंग्यू झाला. दवाखान्यात चार रात्री काढल्या. अख्ख्या मजल्याला रात्री एकच सिस्टर. सलाईन संपले की मीच खुर्चीवरून उठून तिला शोधत फिरायची. तिसऱ्या रात्री तिथल्या मावशींना म्हटले, "अहो, एवढ्या पेशंटना एकच बाई कशी पुरायची?" मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "टिकत नाहीत हो ताई पोरी. नोकरी मिळती, पण ऱ्हायला खोली मिळत नाही गावात. रात्रपाळी करून जायचं कुठं?"

मावशींना ठाऊक नव्हते, की खोली न देणारी बाई त्यांच्यासमोरच बसली होती.

मैत्रिणींनो, त्या रात्री मला आठवल्या आमच्या अक्का.

माझे माहेर सोलापूरचे. पूर्व भागातले. ज्यांनी तो भाग पाहिलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांनी डोळ्यांपुढे असे आणावे: एकाला एक चिकटलेली घरे, एका बाजूने मागाची खडखड, दुसऱ्या बाजूने तेलुगूतली भांडणे, आणि सगळ्यावर तंबाखूचा एक उग्र वास. सोलापूर म्हटले की लोकांना चादर आठवते. पण या चादरी विणणाऱ्यांच्या घरातल्या बाया काय करत होत्या? त्यातल्या हजारो जणी विड्या वळत होत्या. पहिली सूतगिरणी सोलापुरात १८७७ साली सुरू झाली. गिरण्यांच्या चाळी होत्या, म्हणजे निदान गिरणीतल्या काही कामगारांना डोक्यावर छप्पर मालकाने दिलेले होते. विडीच्या बाईला कारखानाच नव्हता, तर चाळ कुठली? तिचे घर हाच तिचा कारखाना.

अक्का आमच्या शेजारच्या वाड्यात राहायच्या. खोली दहा बाय बारा. भाड्याची. त्यात अक्का, त्यांचे मिस्टर, सासू-सासरे, एक दीर, तीन पोरे. एका कोपऱ्यात चूल, एका कोपऱ्यात मोरी, वर दोरीवर कपडे. आणि उरलेल्या जागेत विडी.

विडीचे काम तुम्ही पाहिलेय का कधी? तेंदूची पाने आदल्या रात्री भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने भराभर कापायची. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पानात चिमूट टाकली, बोटांनी वळली, टोक दुमडले, दोरा गुंडाळला, की झाली एक. अशा हजार करायच्या. हजार! हात चालत असतो, तोंड चालत असते, पायाने झोळीची दोरी ओढणे चालू असते. संध्याकाळी कट्टे बांधून ब्रँचवर जायचे. तिथला माणूस एकेक कट्टा बघणार आणि "ही छाट" म्हणून मूठभर विड्या बाजूला फेकणार. त्या विड्यांचे पैसे नाहीत.

हे सगळे दहा बाय बाराच्या खोलीत. पान वाळू नये म्हणून अक्का भर मे महिन्यात पंखा लावत नसत. पाऊस आला की पत्रा गळायचा, आणि तंबाखू भिजली तर त्याचा भुर्दंड त्यांच्यावर. घर गळते म्हणजे कमाई गळते, हे मी तिथे पाहिले.

मी कॉलेजात होते तेव्हाची, १९८६ सालची गोष्ट. आम्हा एनएसएसच्या मुलींना झोपडपट्टीची पाहणी करायला पाठवले. हातात छापील फॉर्म. घर स्वतःचे की भाड्याचे? कच्चे की पक्के? वीज आहे का? संडास आहे का? मी मोठ्या ऐटीत पहिला फॉर्म अक्कांचाच भरला. भिंती विटांच्या होत्या म्हणून लिहिले, 'पक्के'. अक्कांनी विचारले, "काय लिवलीस?" मी सांगितले. त्या विडी वळता वळता थांबल्या. (अक्का विडी वळायच्या थांबल्या की समजायचे, मामला गंभीर आहे.)

"पक्कं म्हणं! तुझ्या त्या कागदात इचार की, रात्री कोण कुठं झोपतंय म्हणून. आमचा म्हातारा-म्हातारी आत झोपली की हे नि धाकटा दीर कट्ट्यावर. मी पोरांना घेऊन चुलीपाशी. दिराचं लगीन ठरलंय आता. ती पोरगी आली की कुठं झोपायची, त्याचा एक रकाना कर की गं पोरी."

मी नुसती लाजले. असला रकाना कुठे असतो का?

असतो! पण हे मला कळायला पुढे पंचवीस वर्षे जावी लागली. २०१२ साली केंद्र सरकारने नेमलेल्या एका तांत्रिक गटाने देशातल्या शहरांमध्ये किती घरे कमी पडतात याचा हिशेब मांडला. आकडा आला सुमारे १ कोटी ८८ लाख. आता आपल्याला वाटेल, बापरे, एवढे लोक रस्त्यावर राहतात? तर अजिबात नाही. ज्यांना घरच नाही अशी कुटुंबे त्यात साडेपाच लाखांच्या आत. सुमारे ८० टक्के तुटवडा हा दाटीवाटीचा होता. आणि दाटीवाटी मोजायची कशी, तर घरातल्या लग्न झालेल्या जोडप्याला स्वतःची अशी वेगळी खोली आहे की नाही! अक्कांचाच रकाना तो. विड्या वळणाऱ्या, शाळेची पायरी न चढलेल्या बाईने जे १९८६ साली सांगितले, ते तज्ज्ञांच्या अहवालात आले.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती. हा तुटवडा ज्यांना भासतो त्यातली ९५ टक्क्यांहून जास्त कुटुंबे गरीब नाहीतर कमी उत्पन्नाची. आणि २०११ च्या जनगणनेत शहरांमधली रिकामी, कुलूपबंद घरे किती सापडली होती? १ कोटी १० लाख. हे वाचले तेव्हा मी "काय हा देश!" म्हणून पेपर बाजूला ठेवला होता. आमच्या वरच्या दोन खोल्या तेव्हाही अधूनमधून कुलपातच असायच्या. ते काही डोक्यात आले नाही.

असो. अक्कांचे पुढे काय झाले ते सांगते, कारण ते सांगण्यासारखे आहे.

विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला होता, १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला. विडीवर उपकर बसवायचा आणि त्यातून कामगारांचे दवाखाने, पोरांच्या शिष्यवृत्त्या, घरे यांना मदत करायची अशी ती व्यवस्था. (हा उपकर पुढे जीएसटी आल्यावर २०१७ साली बंद झाला.) पण मदत अशी आपोआप चालत येत नाही. ओळखपत्र हवे, नाव नोंदलेले हवे, जमीन हवी. सोलापुरात कॉम्रेड नरसय्या आडम, म्हणजे सगळ्यांचे आडम मास्तर, यांच्या पुढाकाराने बायांनी यासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. अक्का प्रत्येक मोर्चाला जायच्या. माझी आई म्हणायची, "अहो, एक दिवस बुडला की हजार विड्यांचे पैसे बुडतात, कशाला जाता?" अक्का म्हणायच्या, "वहिनी, हजार विड्या रोजच वळती की मी. घर वळून होतंय का?"

आणि खरेच, अक्कलकोट रोडला कुंभारीजवळ माळरानावर घरे उभी राहिली. एकदोन नाहीत, दहा हजार! संस्थेचे नाव कॉम्रेड गोदावरी परुळेकर महिला विडी कामगार सहकारी गृहनिर्माण संस्था. वारली आदिवासींच्या लढ्याच्या गोदूताई, 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिणाऱ्या, त्यांचे नाव. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः चाव्या द्यायला सोलापुरात आले होते. खर्चाचे तीन वाटे: एक केंद्राचा, एक राज्याचा, एक बाईचा स्वतःचा. "माझे वीस हजार," अक्का अजूनही सांगतात, आणि सांगताना छातीवर हात ठेवतात. ते वीस हजार कुठून आले? भिशी, भावाकडून थोडे, हातातल्या दोन बांगड्या, आणि उरलेले हप्त्याने.

एक गोष्ट इथे मुद्दाम सांगते. ही संस्था महिला विडी कामगारांची. म्हणजे घर बाईच्या नावावर. अक्कांच्या मिस्टरांना पिण्याची सवय होती. जुन्या खोलीत भांडण झाले की ते अक्कांना "निघ माझ्या घरातनं" म्हणायचे, ते आमच्या घरी ऐकू यायचे. खोली भाड्याची, भाडे भरणार अक्का, पण घर 'त्यांचे'! नव्या घरात गेल्यावर एकदाच म्हणाले म्हणे. अक्कांनी ट्रंकेतून कागद काढून मुलाच्या हातात दिला नि म्हणाल्या, "वाच रे, कुणाचं नाव हाय." बस. परत तो विषय निघाला नाही.

पहिल्यांदा मी ते घर बघायला गेले ते २००७ च्या दिवाळीत. घर लहानच, पण दोन भाग, मागे मोरी, स्वतःचा संडास. दारापुढे अक्कांनी लिंब लावला होता. वीतभरच होता, त्याच्याभोवती काट्यांचे कुंपण. मी म्हटले, "अक्का, सुखी झालात हो!" तर अक्का म्हणाल्या, "झाले की. पण पाणी नाही बघ पोरी. आणि ब्रँच लांब."

हे मात्र मला कधी सुचलेच नव्हते. शहरापासून घर दहा-बारा किलोमीटरवर. पाने आणायला शहरात, विड्या द्यायला शहरात. रिक्षा-बसला जे पैसे जायचे ते हजार विड्यांच्या मजुरीतून. पहिल्या उन्हाळ्यात टँकर आला की सगळ्याजणी हातातले सूप टाकून घागरी घेऊन पळायच्या. पोरांची शाळा बदलली, दवाखाना लांब गेला. एकदोघी तर घराला कुलूप घालून पुन्हा जुन्या गल्लीत भाड्याने राहायला आल्या. पुढे हळूहळू वस्ती रुळली, दुकाने आली, शाळा आल्या. पण सुरुवातीची ती वर्षे अक्कांनी फार ओढाताणीत काढली. घर बांधणाऱ्यांनी आधी एवढेच विचारावे, की बाई, तुझे काम कुठे आहे आणि तू तिथे जातेस कशी? कामगाराचे घर म्हणजे कामाला धरून घर. नाहीतर ते नुसते बांधकाम.

तिथेच कुंभारीत पुढे रे नगर झाले. विडी कामगार, यंत्रमागावरचे मजूर, शिलाई करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या अशा असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा प्रकल्प. ९ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ ला त्यांनीच येऊन पहिली १५ हजार घरे दिली. लहानपणी आपल्यालाही अशा घरात राहायला मिळाले असते तर, असे म्हणताना त्यांचा कंठ दाटून आला होता, ते टीव्हीवर तुम्ही पाहिले असेल. प्रधानमंत्री आवास योजनेतून या घरांना केंद्राचे दीड लाख, राज्याचे एक लाख, बाकीचे कामगाराचे. अक्कांची धाकटी सून यंत्रमागाच्या कारखान्यात टॉवेलला शिलाई मारते. तिचेही नाव तिथल्या यादीत आहे. सासू-सून दोघींच्या नावावर दोन घरे होणार, म्हणून अक्कांचा मुलगा सगळ्यांना सांगतो, "आमच्यात मीच एकटा बेघर!"

तर त्या दवाखान्यातल्या रात्री मी हे सगळे आठवत बसले होते. आणि वाटले, आपल्या तालुक्याच्या गावात कुणी मोजलेय का, की इथे कामाला येणाऱ्या बायका राहतात कुठे?

आमच्या बचत गटात विषय काढला. आधी कुणाला पटेना. "आपलं काय काम?" असेच. शेवटी चौघीजणी तयार झाल्या. शंभर पानी वही घेतली आणि फॉर्म केलाच नाही. तीनच गोष्टी विचारायच्या ठरवल्या: काम कुठे, रात्री झोपता कुठे, आणि घरी पोचायला किती वाजतात? दवाखाना, कपड्यांची दुकाने, मसाल्याचा कारखाना, शाळेतल्या खिचडीच्या बाया, अंगणवाडीच्या मदतनीस. दोन महिन्यांत सदतीसजणींशी बोललो. कुणी बहिणीच्या घरी पॅसेजमध्ये झोपते. एक कपड्यांच्या दुकानातली पोरगी, तिचा निम्मा पगार खोलीभाड्यात जातो आणि घरमालकीण आठ वाजता नळ बंद करते. एका विधवा बाईने तर तीन वर्षांत पाच खोल्या बदलल्यात. "अकरा महिने झाले की डिपॉझिट वाढवतात ताई, नाहीतर मालकाची नजर बदलती." हे वाक्य लिहून घेताना माझ्या मैत्रिणीचा पेन थांबला. कारण तिसरी खोली ज्यांची, ते तिच्या नात्यातले.

वही घेऊन आम्ही नगरपरिषदेत गेलो. तिथल्या बाबूंनी आधी "कुठल्या पक्षाच्या?" विचारले, मग चहा दिला. कामाची माहिती मात्र मिळाली, ती तुम्हालाही सांगून ठेवते. आवास योजनेचा शहरांसाठीचा दुसरा टप्पा २०२४ पासून सुरू आहे. वर्षाचे कौटुंबिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर तुम्ही आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटात येता. देशात कुठेही पक्के घर नावावर नको, ही मुख्य अट. स्वतःची जागा असेल तर त्यावर बांधायला अनुदान, नसेल तर प्रकल्पातले घर. आणि यात भाड्याच्या घरांचाही एक भाग आहे, नोकरी करणाऱ्या बायका त्यात मुद्दाम धरलेल्या आहेत. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची योजना तर १९७२-७३ पासूनची, आता तिला 'सखी निवास' म्हणतात. आणखी एक, महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, २०२१ पासून. घरात व्यवहाराची बोलणी चालू असतील तेव्हा चहाचा ट्रे ठेवता ठेवता हे बोलून टाकावे!

आमच्या गावात सखी निवास नाही. आम्ही अर्ज दिलाय, जागेचा प्रश्न आहे, कागद फिरतोय. सदतीसजणींच्या नावांची यादी अर्जाला जोडली होती, पण बाबू म्हणाले नावे नकोत, फक्त संख्या द्या. आम्ही नावेच दिली.

आणि वरच्या खोल्या? घरात महाभारत झाले. यांचे म्हणणे, "कुणी आलं-गेलं तर जबाबदारी कोणाची?" मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, पोलीस व्हेरिफिकेशन कर, ॲग्रीमेंट कर, आणि दे." मला वाटले होते सासूबाई सगळ्यात जास्त विरोध करतील. त्या म्हणाल्या, "मला सुई टोचायला रात्री दोन वाजता पोरगी आली होती ना, तिला कुणी विचारलं का एकटी कशी आलीस म्हणून?"

ती पहिली मुलगी काही परत आली नाही. मेडिकलवाल्यांकडे चौकशी केली, तिने पुण्याला नोकरी धरली म्हणे. तिचा नंबर होता त्यांच्याकडे. मी फोन नाही केला. काय बोलणार?

मार्चपासून वर दोघी राहतात. एक दवाखान्यात सिस्टर, एक लॅबमध्ये. पहिल्याच संध्याकाळी सिस्टर जिन्यात थांबली. "काकू, एक विचारू? माझी सेकंड ड्युटी रात्री साडेदहाला सुटते. तुम्ही गेटला आतून कुलूप किती वाजता लावता?"

आमच्याकडे गेली तीस वर्षे कुलूप दहाला लागते. आणि किल्ली एकच, ती यांच्या उशाखाली.

दुसऱ्या दिवशी भाजीला गेले तेव्हा चौकातल्या किल्लीवाल्याकडे थांबले. त्याने किल्ली उलटसुलट करून पाहिली. "जुनं कुलूप दिसतंय मावशी. एक करू का दोन?"

"दोन कर," म्हटले.